नंबर काढणाऱ्याच्या खुर्चीत आपली पोरं का नाहीत?

बारावीचा निकाल लागला की आम्ही दरवर्षी विहारात टेबल टाकून बसतो. पवनी, लाखांदूर, मोहाडीकडची पोरं कागदपत्रं घेऊन येतात. आम्ही त्यांना एमबीबीएस सांगतो, इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी सांगतो आणि यातलं काहीच जमत नसेल तर पोलीस भरती. ऑप्टोमेट्री हा शब्द आमच्या यादीत नव्हता. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे दुसऱ्यांवर बोट ठेवणार आहोत.

शब्द यादीत आला तो एका बिडी कामगार बाईमुळे. भीमजयंतीला विहारात डोळे तपासणी ठेवली होती. बाई चाळिशी ओलांडलेली. जवळचं दिसत नव्हतं, बिड्या वाकड्या व्हायच्या, ठेकेदार त्या बाजूला काढायचा आणि तेवढी मजुरी बुडायची. तपासणारे साहेब भिंगं बदलत विचारत होते, "हे साफ दिसतं की ते?" बाई दोन्हीला "हो साहेब" म्हणत होती. शेवटी तिची पोरगी पुढे झाली. "आई, खरं सांग. साहेब रागावत नाहीत." मग कुठे नंबर निघाला.

मित्रांनो, आमचा सगळा युक्तिवाद या प्रसंगात आहे. चष्म्याचा शेवटचा नंबर पेशंटच्या उत्तरावर ठरतो. समोरच्याला "नाही, हे धूसर आहे" म्हणण्याची हिंमत लागते. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून "हो मालक" म्हणायला लावलेल्या माणसाकडून ती हिंमत एका मिनिटात कशी येणार? म्हणून खुर्चीत कोण बसलंय, कोणत्या बोलीत विचारतंय, याने फरक पडतो. कॉलेजात सगळ्या समाजांतली पोरं हवीत असं आम्ही म्हणतो, तेव्हा उपकार मागत नाही. ही धंद्यातली गरज आहे.

आणि प्रश्न पोटाचा आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचा साधा चष्मा देऊन पाहिलं, तर चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांचं काम सुमारे 22 टक्के जास्त वाढलं. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या जिल्ह्यातल्या बिडी वळणाऱ्या बाया आणि कोशाचं कापड विणणारे हात याच वयाचे आहेत.

त्याच पोरीने आम्हाला विचारलं, "दादा, हे शिकाले कुठं जा लागते?" आम्ही पाच-सहा जण एकमेकांकडे पाहत राहिलो. मग शोधलं. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. पोरीला गुण बरे होते. एका खासगी कॉलेजात नाव लागलं. तिथे दोन गोष्टी मागितल्या, जात वैधता प्रमाणपत्र आणि पूर्ण वर्षाची फी. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या पोरांकडून शिक्षण शुल्क आधी घेऊ नये असे शासनाचे आदेश आहेत. आम्ही तो कागद दाखवला. बाबूने वाचलासुद्धा नाही. पण वैधतेचा अर्ज अकरावीतच करायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही नाही. तारीख गेली. दीक्षाभूमीवर ती भेटली तेव्हा नागपुरात कापडाच्या दुकानात कामाला लागली होती.

कायदा नाही असं नाही. खासगी व्यावसायिक कॉलेजांत आरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा 2006 चा आहे. पण जागा राखीव असणं आणि आपल्या पोराला ती आहे हे माहीत असणं, यात लाखांदूर ते नागपूर एवढं अंतर आहे.

कुणी म्हणेल, मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय खेड्यातल्या बारावी झालेल्या मुलींना घेऊन दोन वर्षांत तयार करतंच की. करतं, आणि आम्हाला त्याचा आदर आहे. खेड्यातली पोरगी हे काम उत्तम करते हे त्यांनी सिद्ध केलं. पण आमची पोरगी मदतनीस आणि पदवीवाला तिचा साहेब, एवढ्यावर आम्ही थांबणार नाही. ही उतरंड आम्ही ओळखतो. अमेरिकेतल्या काळ्या ऑप्टोमेट्रिस्टांनी 1969 मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली आणि आपल्या समाजातली पोरं शोधून कॉलेजात पाठवणं हे तिचं काम ठरवलं. कॉलेजची वाट पाहिली नाही.

भंडाऱ्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, एमबीबीएसच्या 100 जागांचं. आमची मागणी साधी आहे. तिथे ऑप्टोमेट्रीची पदवी सुरू करा, शासकीय फीमध्ये, पूर्ण आरक्षणासह. मुलींच्या वसतिगृहाशिवाय नको, नाहीतर लाखांदूरची पोरगी पुन्हा घरीच राहील.

तोवर आमचं टेबल बारावीच्या निकालानंतर लागणार नाही, अकरावीच्या जुलैतच लागेल. वैधतेचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचं खातं, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार, सगळं त्याच दिवशी. अभिमत विद्यापीठात पैसे भरण्याआधी तिथे शिष्यवृत्ती लागू आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

निवेदनाचा मसुदा तयार आहे. तुमसर, साकोली, लाखनीच्या कार्यकर्त्यांनी सह्यांचा कागद आपापल्या विहारात ठेवावा. पहिली सही त्या बिडी कामगार बाईची आहे, तिने ती चष्मा लावून केली.

जय भीम.