मागचं डावं दार

मोटारीला चार दारं असतात असं म्हणण्याची पद्धत आहे. हल्लीच्या मोटारीला खरं म्हणजे दार एकच, ते ड्रायव्हरचं. उरलेली तीन त्याची मांडलिक संस्थानं. सरकारांनी कुलूप लावलं की यांनी लावायचं, सरकारांनी उघडलं की यांनी उघडायचं. या व्यवस्थेला सेंट्रल लॉकिंग म्हणतात.

पूर्वी तसं नव्हतं. प्रत्येक दार आपापलं स्वराज्य सांभाळून होतं. रात्री गाडी लावून झाली की मालक गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचा आणि प्रत्येक दार ओढून बघायचा. मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून परत यायचा आणि आणखी एक प्रदक्षिणा घालायचा. एवढ्या प्रदक्षिणा एखाद्या मारुतीला घातल्या असत्या तर साडेसाती टळली असती. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचे ड्रायव्हर तर बसल्या जागेवरून मागे वळून, खांदा निखळेल इतका हात लांब करून मागचं दार उघडून द्यायचे. त्या टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचा निरोप घेतला आणि तिच्याबरोबर तो लांब हातही गेला.

विजेवर चालणारं मोटारीचं कुलूप तसं आजचं नव्हे. अमेरिकेत स्क्रिप्स-बूथ नावाच्या गाडीला ते १९१४ सालीच बसवलं होतं. मग लोक ते विसरले. १९५६ मध्ये पॅकार्ड कंपनीने ते पुन्हा आणलं. आमच्या वाड्यात १९५६ साली दाराला अडसर होता, आणि तो काढायला दोन माणसं लागत. त्यामुळे अमेरिकेतल्या या क्रांतीची बातमी आमच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला, एवढंच.

आता हे सेंट्रल लॉकिंग चालतं कसं? दाराच्या पोटात एक काळी प्लॅस्टिकची डबी असते. तिच्यात अंगठ्याएवढी एक मोटर, दोन-तीन दातेरी चाकं आणि एक दांडी. बारा व्होल्टची वीज एका दिशेने गेली की मोटर सुलटी फिरते आणि दांडी कुलूप लावते. वीज उलट दिशेने गेली की मोटर उलटी फिरते आणि कुलूप निघतं. मोटरला डोकं नाही, मत नाही. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या दाराच्या डबीला पाच वायरी आहेत, बाकीच्या तिघांना दोन-दोन. म्हणजे ते दार बोलतं आणि बाकीची ऐकतात. पुष्कळ घरांतली वायरिंगची पद्धत हीच असल्यामुळे मला ती समजायला अवघड गेली नाही.

चारी दारांचं कुलूप एकदम लागतं तेव्हा एक भरदार ‘टक्’ ऐकू येतं. त्या ‘टक्’वर आपला देवापेक्षा जास्त विश्वास. देवाला नमस्कार केल्यावर आपण मागे वळून बघतो, चप्पल आहे का. ‘टक्’ झाल्यावर मागे वळूनही बघत नाही. आमच्या घरात गाण्याचा कान सौभाग्यवतींना आहे. एका संध्याकाळी मी बटण दाबलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

‘‘अहो, एक टक् कमी आलं.’’

मी पुन्हा दाबलं. खरंच. तीन तंबोरे जुळलेले आणि चौथा उतरलेला. मागच्या डाव्या दारातून ‘टक्’ऐवजी ‘कुर्रर्र’ असा, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा आवाज येत होता. कुलूप लागलेलं होतं. निघायला तयार नव्हतं. काचेच्या कडेची ती दांडी, जी वर ओढली की कुलूप निघतं, ती जरा हलायची आणि पुन्हा आपल्या बिळात जाऊन बसायची. आत बसलेलं तिचं डोकं दाराच्या कडेशी इतकं सपाट होतं की चिमटीत धरायला नखं वाढवावी लागली असती.

तुम्ही म्हणाल, चारातलं एक दार उघडलं नाही तर बिघडलं कुठे? तीन आहेतच की. कुठलंही दुसरं असतं तर मीही तसंच म्हटलं असतं. पण मागचं डावं दार आईचं.

आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणजे डावं दार फुटपाथच्या बाजूला उघडतं. तिथे काठी टेकायची, एका हाताने दार धरायचं, आधी बसायचं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा, अशी तिची पद्धत. उजव्या दाराने चढायचं तर भर रस्त्यात उभं राहायचं, आणि पाठीमागून येणाऱ्या स्कूटरला म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यांची हकिगत कोणी सांगितलेली नसते. चढलं तरी पुढे बाकावरून डावीकडे सरकणं आहे. पुढच्या सीटवर बसवावं तर तिथे तिला समोरची प्रत्येक गाडी आपल्याच अंगावर येताना दिसते आणि ती माझ्या आधी ब्रेक दाबते. तिच्या पायाखाली ब्रेक नाही, पण गुडघे आहेत.

तेव्हा रोजचा कार्यक्रम असा : मी उजवं दार उघडायचं, मागच्या बाकावर गुडघे टेकायचे, रांगत डावीकडे जायचं आणि ती दांडी सुरीच्या टोकाने उचकटायची. माझे पाय तेवढा वेळ रस्त्यात. येणारे-जाणारे थांबून बघत. भर दुपारी एक पोक्त गृहस्थ सुरी घेऊन मोटारीत रांगतोय, हे दृश्य आमच्या पेठेत रोज दिसत नाही.

आईने हे तीनदा पाहिलं. चौथ्या वेळी म्हणाली, ‘‘तुम्ही जा रे. मला आज कंटाळा आलाय.’’

आईला कंटाळा येत नाही. दर गुरुवारी ती चिंचवडला मावशीकडे जाते. मावशी शहाऐंशी वर्षांची. दोघी समोरासमोर बसतात आणि १९६१ च्या पानशेतच्या पुरात वाहून गेलेलं पितळी घंगाळ कोणाचं होतं यावर भांडतात. या भांडणात अजून निकाल लागलेला नाही आणि लागू नये अशी दोन्ही घरांची इच्छा आहे. सलग दोन गुरुवार आईला कंटाळा आला. तिसऱ्या गुरुवारी मावशीचा फोन आला. आईला म्हणाली, ‘‘नको येऊस. मी काय, असेन तर असेन पुढच्या वेळी.’’ फोन ठेवून आई बराच वेळ पदराच्या टोकाची सुरळी करत बसली होती. तेव्हा मला कळलं की हे अंगठ्याएवढ्या मोटरचं प्रकरण राहिलेलं नाही.

सोसायटीत सल्ल्याला तोटा नव्हता. सात जणांनी मला खासगीत बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘चाइल्ड लॉक लागलं असेल हो.’’ चाइल्ड लॉक निराळं. ते दाराच्या कडेला असतं, दार उघडल्यावरच दिसतं, आणि ते लावलं की फक्त आतल्या हँडलने दार उघडत नाही, बाहेरून उघडतं. आमचं कुठूनच उघडत नव्हतं. हे मी सातही जणांना समजावलं. आठव्याने तोच सल्ला दिला तेव्हा मी त्यांचे आभार मानले. एक निवृत्त अभियंते म्हणाले, फ्यूज. पण फ्यूज चौघांत एक. तो गेला असता तर चारी दारं मुकी झाली असती. रिमोटच्या सेलचंही तेच. एकाने डबाभर तेल मारायला सांगितलं. तेल मारल्यावर ‘कुर्रर्र’ जरा स्निग्ध झालं, एवढंच.

मग वर्कशॉप. तिथे सोफा होता, कॉफी होती, आणि हातात पाटी घेतलेला एक टापटीप मुलगा होता. पाटीवर बोट फिरवून तो म्हणाला, ‘‘सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.’’ त्याने सांगितलेला आकडा चार अंकी होता आणि माल यायला तीन आठवडे लागणार होते. मी विचारलं, ‘‘नुसती मोटर मिळणार नाही?’’ त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भाजीवाल्याकडे नुसतं वांग्याचं देठ मागितलं. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या पाटीत कुलूप, मोटर, दांडी सगळ्याला मिळून एकच नंबर होता. ज्याला नंबर नाही ती वस्तू जगात नाही. उद्या माणसांचंही असंच व्हायचं, गुडघा दुखतो म्हटलं की सांगतील, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.

पुण्यात मोटारीच्या भागांसाठी नाना पेठेत जायचं असतं. तिथल्या एका बोळात एक ऑटो-इलेक्ट्रिशियन बसतात. वय सत्तरीचं, चष्मा दोऱ्याने गळ्यात, समोर स्टूल. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला बटण दाबायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. ‘‘अजून एकदा.’’ मी दाबलं. ‘‘जिवंत आहे,’’ ते म्हणाले.

मग त्यांनी हँडलच्या मागचे लपलेले स्क्रू काढले आणि दाराचं आतलं अस्तर उचकटायला घेतलं. त्याच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा फट् फट् निघत होत्या आणि दर ‘फट्’ला माझी एक बरगडी हलत होती. अस्तराच्या आत दाराला एक प्लॅस्टिकचा कागद डकवलेला असतो. उस्तादांनी तो नखाने, पोळपाटावरून पातळ पोळी उचलावी तसा सोडवला. हा कागद म्हणजे दाराची छत्री, हे मला त्या दिवशी कळलं. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतंच. खालच्या भोकांतून ते निघून जावं आणि गाडीत झिरपू नये म्हणून हा कागद. ‘‘घाईचा मिस्त्री तो फाडून टाकतो,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘गिऱ्हाइकाला कळतं थेट जुलैमध्ये. पाय ओले झाले की.’’

त्यांनी डबीच्या दोन वायरींना दिवा लावला. मी बटण दाबलं, दिवा लख्ख चमकला. उलट दाबलं, पुन्हा चमकला. ‘‘वीज दारापर्यंत येतेय, साहेब. आतलं माणूस उठत नाही.’’ कुलूप हाताने हलवून पाहिलं तर लोण्यासारखं चालत होतं. म्हणजे गुन्हेगार डबीतच.

पात्याने शिवण कापून डबी उघडली. दातेरी चाकं शाबूत. मोटर हातात घेऊन ते म्हणाले, ‘‘हीच ती.’’ ही छोटी मोटर म्हणजे मोठी जमात आहे. जपानची माबुची कंपनी १९५४ मध्ये सुरू झाली ती खेळण्यांच्या मोटरींपासून. तिची एफसी-२८० नावाची मोटर कित्येक गाड्यांच्या दारांत बसलेली असते. आगबोटीच्या खेळण्यातली मोटर आपल्या घरदाराची राखण करते आहे, हे कळल्यावर त्या ‘टक्’वरचा माझा विश्वास जरासा हलला.

मोटरच्या मागच्या टोपणाचे पत्र्याचे कान सरळ करून उस्तादांनी तेही उघडलं. आत काजळी होती, ती त्यांनी पुसली. मग एका बारक्या टिकलीवर चिमटा ठेवला. ही टिकली विजेच्या वाटेत बसवलेली असते. मोटर अडकून तापायला लागली की टिकली तापते, तापली की वीज अडवते, आणि मोटर जळायची वाचते. थंड झाली की वाट पुन्हा मोकळी. काम चोख. पण वय झालं की ती थंड असतानाही वीज अडवायला लागते. आमच्या कचेरीत असे एक हेडक्लार्क होते. तापलेली फाइल थोडे दिवस अडवून निववायची, हे त्यांचं कौशल्य. निवृत्तीजवळ आल्यावर ते थंड फाइलीही अडवायला लागले. मोटरमध्ये दोष नव्हता. तिच्यापर्यंत जेमतेम थेंबभर वीज पोचत होती.

तिथे काम शिकणारा एक पोरगा म्हणाला, ‘‘उस्ताद, टिकलीवरून तार मारू या की. दोन मिनिटांचं काम.’’

‘‘मारता येते,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘चालेलही. पण उद्या बटण अडकलं आणि वीज चालूच राहिली तर काय? मोटर जळेल, दारातून धूर येईल.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘या दारापाशी कोण बसतं?’’

मी म्हटलं, ‘‘आई.’’

त्यांनी तारेचं भेंडोळं बाजूला ठेवलं आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात भंगारातल्या डब्यांमधून सोडवलेल्या तीस-चाळीस मोटरी होत्या. एकेक लावून, कानाशी धरून त्यांनी सातवी निवडली. जुन्या मोटरच्या दांड्यावरचं चिमुकलं दातेरी चाक काढून नवीवर बसवलं, डबी मिटवली, वायरी जोडल्या. ‘‘दाबा.’’

मी कुलूप लावायचं बटण दाबलं. तीन दारं खणखणीत बंद झाली आणि चौथं दिमाखात उघडलं. उघडायचं बटण दाबलं, तर तीन उघडली आणि हे बंद. इतके दिवस मुकं असलेलं दार बोलायला लागलं ते थेट विरोधी पक्षातून. पोरगा हसून लोळायचा बाकी होता. उस्तादांनी शांतपणे दोन वायरींची अदलाबदल केली. ‘‘उलटी जोडली होती. आता दाबा.’’

टक्.

सगळे मिळून साडेतीनशे रुपये झाले. छत्रीचा कागद त्यांनी जुन्याच चिकट पट्टीवर, कडेकडेने अंगठा दाबत, इतका वेळ लावून बसवला की कागदाचेच निम्मे पैसे असावेत अशी मला शंका आहे.

गुरुवारी आई फुटपाथवर काठी टेकून उभी राहिली. मी बटण दाबलं. तिने दार उघडलं, बसली, एकेक पाय आत घेतला. दाराबद्दल एक अक्षर बोलली नाही. चिंचवडला मावशी दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. आईला बघून म्हणाली, ‘‘आलीस? घंगाळ आमचंच होतं.’’

रात्री परत निघताना सौभाग्यवती आईशेजारी बसायला म्हणून उजवीकडे गेल्या. मी बटण दाबलं. मागच्या उजव्या दारातून आवाज आला, ‘कुर्रर्र’. चारी मोटरी एकाच वयाच्या, त्याला कोण काय करणार! सौभाग्यवती रस्त्यात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

आईने आपल्या बाजूची काच खाली घेतली आणि म्हणाली, ‘‘ते काही माझ्याकडचं दार नाही हो.’’