हात जातो तिथं

सकाळी शटर वर करायचं, मामांच्या फोटोला उदबत्ती लावायची आणि मग कॉम्प्युटर चालू करायचा. इतक्या वर्षांत हा क्रम बदललेला नाही. निलंग्यातल्या आमच्या स्टुडिओत लग्नाचं शूटिंग आमचे हे करतात आणि फोटोशॉपवरचं सगळं काम माझ्याकडे असतं. पडदा उजळला की मी आधी मांडणी बघते. उजवीकडे लेयर, त्याच्याखाली हिस्टरी, डावीकडे हत्यारांची एकच उभी ओळ. सगळं जागच्या जागी दिसलं की चूल सारवून झाल्यासारखं वाटतं.

मामा म्हणजे माझे सासरे. त्यांची डार्करूम न्हाणीघराएवढी होती. लग्न होऊन आले तेव्हा ती अजून चालू होती. फळीवर ओळीनं तीन ट्रे असत: डेव्हलपर, पाणी, हायपो. वर लाल बल्ब. फिल्म डब्यात भरताना तर तोही बंद. अशा मिट्ट काळोखात ते कात्री घ्यायचे, फिल्मचं टोक कापायचे आणि कात्री परत खिळ्याला अडकवायचे. मला दाराबाहेर नुसते आवाज ऐकू यायचे आणि त्यात कधी धडपड नसायची. खोलीची एक बाजू ओली, एक कोरडी. ओल्या हातानं कोरड्या बाजूला गेलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. म्हणायचे, "वस्तू हुडकायची पाळी आली की फोटो गेला म्हणून समज."

मला हे नवीन नव्हतं. माझं माहेर तालुक्यातल्याच एका खेड्यात, माळवदाच्या घरात. भिंती जाड, खिडक्या कमी. भिंतीत देवळ्या. दाराजवळच्या देवळीत काडेपेटी, तिच्याशेजारी चिमणी. लाइट गेली की आई उठून सरळ चालत जायची. चाचपडायची नाही. आम्हा भावंडांपैकी कुणी काडेपेटी दुसरीकडं ठेवली तर मार ठरलेला.

दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात फोटोशॉपची सातवी आवृत्ती होती, 2002 सालची. उघडताना ते बनवणाऱ्यांच्या नावांची एक यादी यायची. त्यात थॉमस नोल यांच्या नावासोबत सीतारामन नारायणन हे नाव असायचं. देवळातल्या देणगीदारांच्या पाटीवर ओळखीचं आडनाव सापडावं तशी मी रोज ते वाचायची. याच आवृत्तीत आपली मांडणी नाव देऊन साठवून ठेवायची सोय झाली होती. मला ते ठाऊक नव्हतं. पहिले कित्येक महिने मी सगळ्या पॅलेट उघड्या टाकून त्यांच्या फटीतून फोटो बघत होते. एकदा मामा मागं येऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण पडदा बघून म्हणाले, "एवढे डबे कशाला उघडे ठिवलीस पोरी? सैपाक कुठं करायचा मग?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा एकेक चौकट बंद केली. नंतर शिकत शिकत तीन मांडण्या केल्या आणि त्यांना मराठी नावं दिली.

पहिली 'फॉर्म'. दहावी-बारावीचे निकाल लागले की पासपोर्ट फोटोला रांग लागते. कुणी प्रवेशाचा फॉर्म भरतं, कुणी पोलीस भरतीचा. 35 बाय 45 मिलिमीटर, पांढरा पडदा, चार बाय सहाच्या कागदावर आठ कॉप्या. याची अ‍ॅक्शन करून एका बटणाला बांधून ठेवली आहे, त्यामुळे तिथं अ‍ॅक्शनची पॅलेट सोडली तर फारसं काही लागत नाही. दुसरी 'लग्न'. बारा बाय छत्तीसचं एकेक पान, त्यावर नावं, तारीख, फुलं, महिरपी. त्यासाठी अक्षरांची, रंगांची, ओळीत लावायची अशा सगळ्या खिडक्या उघड्या लागतात. आणि तिसरी 'जुने'. तिच्याकडे नंतर येते.

'लग्न'मध्ये माझी एक मोठी चूक झाली. तेव्हा मॉनिटरमागची भिंत पोपटी होती. नवरीचा चेहरा मला उगाच लाल दिसायचा. मी लाल कमी करत गेले. अल्बम छापून आला तर हळदीच्या पानावर सगळे कावीळ झाल्यासारखे हिरवट पिवळे. सगळा अल्बम पदरच्या पैशानं पुन्हा छापला. पैशापेक्षा त्या मुलीचा पडलेला चेहरा मला जास्त लागला. फ्रान्समध्ये गोबेलँच्या गालिचा कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. अमुक रंग फिका उतरतो अशी तक्रार आली, तेव्हा त्यांनी शोधून काढलं की दोष रंगात नाही, शेजारच्या रंगात आहे. 1839 साली त्यांनी त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. हिरव्याशेजारी कातडी लाल दिसणारच. हे वाचलं तेव्हा फोटोशॉपची सगळी चौकट करड्या रंगाची का, ते उमगलं. करडा रंग शेजाऱ्याला ओढत नाही.

मी भिंत करडी करून घेतली. रंगारी म्हणाला, "ताई, दुकानाला राखंचा रंग?" म्हटलं, हो, राखेचाच. पुढं 2012 च्या आवृत्तीपासून फोटोशॉपची चौकट कोळशासारखी काळपट यायला लागली. पुष्कळांना ती आवडते. मी मात्र ती उजळ करून घेते. आमचे फोटो पांढऱ्या कागदावर उतरतात. काळ्या चौकटीत जो फोटो तेजाळ वाटतो, तो कागदावर आला की मलूल दिसतो.

मामांचा ओल्या-कोरड्याचा नियमही मी पाळते. दुपारी कुणी निलंगा राईसची प्लेट आणली तर ती काउंटरवरच राहते. तेलाचा हात माउसला लागत नाही.

आता 'जुने'. त्यात जवळजवळ काहीच नाही. लेयर, हिस्टरी, दोन ब्रश. मागच्या पावसाळ्यात किल्लारीकडच्या एका गावचे गृहस्थ आले, पन्नाशीच्या आतले. त्यांच्याकडे एका लग्नातला ग्रुप फोटो होता, मधोमध घडी पडलेला. मागच्या रांगेतली एक बाई दाखवून म्हणाले, "ही माझी माय. एवढाच फोटो हाय." चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. बावन्न गावं जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. माणसांबरोबर ट्रंका गेल्या, ट्रंकांतले फोटो गेले. हा फोटो औराद शहाजानीच्या पाहुण्यांकडे होता म्हणून राहिला.

त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि शेजारी बसले. मी फोटो स्कॅन केला, मूळ प्रत तळाच्या लेयरला कुलूप लावून ठेवली आणि वर कोरा लेयर घेतला. मामा निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करायचे, तेव्हा श्वास रोखून धरायचे. पेन्सिल चुकली की परत वाट नसे. मला वाट आहे, लेयर 1994 पासून आहेत, तरी श्वास तसाच रोखला जातो. मग टॅबचं बटण दाबलं. उरलेल्या पॅलेटही नाहीशा झाल्या. करड्या रंगात फक्त तो चेहरा राहिला. अशा वेळी हातानं स्वतःहून बटणं शोधावी लागतात. डोळे चेहऱ्यावरून हलवायचे नसतात.

घडी गालावरून गेली होती. दुसऱ्या गालाची कातडी उचलून तिथं लावता येत नव्हती, कारण ऊन एकाच बाजूनं होतं. कपाळाच्या कडेचा कण कण आणून भरला. "कानात काय असायचं?"

"फुलं. बारीक."

"कुंकू?"

"मोठं. आडवं."

पदराच्या सावलीतला डोळा मी उजळला नाही. तिथं फोटोत काही नव्हतंच. मी काढला असता तर तो माझा डोळा झाला असता. त्यांना तसं सांगितलं. ते हो म्हणाले.

वरचा लेयर बंद करून मूळ फोटो दाखवला, पुन्हा चालू केला. त्यांनी आणखी दोनदा बंद करायला लावला. मग मी दहा बाय बाराच्या फ्रेमसाठी चेहऱ्याभोवती कट मारायला लागले, तर त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

"हात कापू नका, ताई."

बाईचा उजवा हात खाली गेला होता. तिथं एका पोराचा खांदा होता, चौकड्याचा शर्ट. पोराचं तोंड पुढच्या माणसाआड गेलेलं. मी कट मोठा केला. हात आला, खांदा आला. फ्रेमचं माप बिघडलं, खाली रिकामी जागा राहिली, ती तशीच ठेवली.

प्रिंट वाळेपर्यंत ते बोलले नाहीत. निघताना त्यांनी स्टूल उचललं आणि जिथून ओढलं होतं, त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवलं.