कासव पाण्यातच असतं ना?

माझी सारी नोकरी खेड्यापाड्यांत सल्ला देण्यात गेली. बी.एस्सी. (कृषी) होऊन मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून लागलो. खत किती टाकावे, फवारणी कधी करावी हे सांगता सांगता केस पिकले. "सायबांनी सांगितलं म्हंजे बरोबरच असंल," असे म्हणणारी माणसे जागोजागी भेटली. या विश्वासाचे ओझे किती असते, हे मला एका कासवाने शिकवले.

नोकरीचे दुसरे वर्ष असेल. एका वस्तीवर कपाशी पाहायला गेलो होतो. घरची म्हातारी पाटीत एक कासव घेऊन आली. काळसर पाठीवर पिवळ्या चांदण्या काढल्यासारखे ते दिसत होते. नातवाने आठवडी बाजारात कुणा फिरस्त्याकडून घेतले होते. "सायेब, ह्ये काय खाईना. काय करू?" म्हातारीने विचारले. मी घाईत होतो. म्हणालो, "अहो आजी, कासव पाण्यातच असतं ना? विहिरीत सोडा."

म्हातारीने सोडले. पुढच्या फेरीला कळले, की दोन दिवसांत ते मरून वर आले. त्यापायी विहीर उपसावी लागली. म्हातारी मला एक शब्द बोलली नाही. "त्याचं आयुष्य तेवढंच असंल," म्हणाली. पुढे एका पुस्तकात तसेच चित्र पाहिले, तेव्हा माझी चूक समजली. ते जमिनीवरचे कासव होते. त्याला पोहता येत नाही. मी त्याला बुडवून मारले होते.

आता अलीकडची गोष्ट. नातीला मासे हवे होते, म्हणून जिल्ह्याच्या गावी पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात गेलो. नात माशांत रमली. माझी नजर गल्ल्याखालच्या काचेच्या पेटीवर गेली. पेटीत चार बोटे पाणी आणि त्यात तीच चांदण्यांची कासवे, तीन. पाण्यावर काकडीच्या चकत्या तरंगत होत्या. एका कासवाचे डोळे सुजून मिटले होते, नाकातून फेसाचे बुडबुडे येत होते. दुसऱ्याची पाठ बोटाने दाबली, तर ती दबली.

मी दुकानदाराला म्हणालो, "अरे बाबा, ह्यांना पाण्यात का ठेवलंय?"

पोरगा हसून म्हणाला, "काका, कासव पाण्यातच असतं ना?"

माझेच शब्द. मला त्याच्यावर रागावता येईना.

मी तिथेच बसून त्याला समजावले. पाय बघ. बोटांमध्ये पडदा असला, पाय वल्ह्यासारखे चपटे असले, तर ते पाण्यातले. याचे पाय हत्तीसारखे, खांबासारखे आहेत. ही जात गुजरात-राजस्थानच्या, तशीच आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या कोरड्या, काटेरी झुडपांच्या रानातली. गवत, पाला, पडलेली फळे हे तिचे खाणे. ओलीत ठेवले, की छाती भरते. नुसत्या काकडीत चुना कुठला? त्यात ऊन नाही. कोंबडीची पिले उन्हाविना, चुन्याविना पायांत अधू होतात, तशी याची पाठ मऊ पडते. पिण्यापुरते उथळ पाणी दे, बाकी जागा कोरडी ठेव, सकाळचे ऊन दे.

पोरगा चांगला होता. शेतकऱ्याचाच मुलगा. दोन एकर कोरडवाहूत भागेना, म्हणून कर्ज काढून दुकान टाकलेले. त्याने माझ्यादेखत पाणी ओतून टाकले आणि खोक्यात गोणपाट अंथरले. मी समाधानाने घरी आलो. म्हातारीचे देणे थोडे फिटले, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी आमच्या पशुवैद्य डॉक्टरांना हे सांगितले. ते म्हणाले, "साहेब, काळजी कसली शिकवता? हे कासव विकताही येत नाही आणि घरी पाळताही येत नाही." वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आले. दुकानात येणारी कासवे रानातून पकडून आणलेली असतात. पोत्यांत, पेट्यांत कोंबून आणताना कितीतरी वाटेतच मरतात.

मी तसाच दुकानात गेलो. खोक्यात दोनच कासवे होती. पोरगा उत्साहाने म्हणाला, "काका, काल संध्याकाळी एक गेलं. घरात कासव असलं, की लक्ष्मी येते म्हणून लोक नेतात. तुम्ही सांगितलेलं सगळं गिऱ्हाइकाला सांगितलं, ऊन, गवत, चुना. ते तर खूश झाले!"

मी गारच पडलो. माझ्या सल्ल्याने कासव सुटले नव्हते, विकले गेले होते.

त्याला कायदा सांगितला, दोन्ही कासवे वन खात्याकडे दे म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. "काका, सगळेच विकतात. पैसे अडकलेत माझे." बाहेर येऊन बराच वेळ उभा राहिलो. या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. त्याचा बाप डोळ्यांसमोर आला. पण गप्प बसलो असतो, तर उरलेली दोन्ही त्याच वाटेने गेली असती. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला.

वन खात्याची माणसे आली, कासवे घेऊन गेली. डोळे मिटलेले वाचले नाही. दुसरे तेवढे तगले. विकलेल्याचा पत्ता लागला नाही. पोरावर गुन्हा दाखल झाला. त्याचा बाप भेटला, तेव्हा म्हणाला, "सायेब, एक दिवस तरी थांबायचं होतं." मला उत्तर देता आले नाही. आजही ते सापडलेले नाही. मी त्याच्या वकिलाची गाठ घालून दिली आणि पोराने माझ्यादेखत पाणी ओतून टाकले होते हे खरे तेच लिहून दिले. एवढेच माझ्या हाती होते.

तेव्हा घरोघरी एवढेच सांगणे. जत्रेत, बाजारात, दुकानात कासव दिसले, तर दया येऊनही विकत घेऊ नका. एक घेतले, की विकणारा आणखी पकडतो. शेतात कासव सापडले, तर आहे तिथेच राहू द्या. जखमी असेल, तर वन खात्याला कळवा. पाणी स्वच्छ राहते म्हणून विहिरीत पाण्यातली कासवे आणून सोडण्याची आपल्याकडे रीत आहे. ती कासवेही कायद्याने संरक्षित आहेत, त्यांनाही पकडू नये. लक्ष्मीसाठी म्हणाल, तर देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहेच. त्याला नमस्कार करावा. जिवंत कासव त्याच्या रानात असू द्यावे.

आणि सल्ला देणाऱ्या आम्हा लोकांना एक सांगतो. कुणी काही विचारले आणि ठाऊक नसेल, तर "विचारून सांगतो" म्हणावे. त्याने आपला मान कमी होत नाही. त्या दिवशी एवढे दोन शब्द मी बोललो असतो, तर म्हातारीचे कासव जगले असते.