विसार आणि वायदा

अक्षय्य तृतीयेस माडीची दुरुस्ती आरंभू, असे तोंडी सांगून कंत्राटदाराने ४०,००० रुपये विसार नेला. आषाढ लागला, सासूबाईंच्या अंथरुणावर पाणी ठिबकू लागले, तरी गवंडी उगवेना. चिठ्ठीत रक्कम तेवढी होती, तारीख नव्हती! (भिडेचे फळ हे.) भावजींनी १८७२ चा करारकायदा काढला. मुदत लिहिलेली नसल्यास कलम ४६ प्रमाणे वाजवी काळात काम व्हावयास हवे. म्हणून लेखी नोटिशीने पंधरा दिवस दिले. तेही टळल्यास करार रद्द करून कलम ६४ अन्वये विसार आणि कलम ७५ अन्वये भरपाई मागावयाची. न दिल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार. “त्यालाही मुलेबाळे आहेत हो,” सासूबाई म्हणाल्या. स्पीड पोस्टाची पावती मात्र त्यांनीच देवघरात जपून ठेवली.