कुमार गटाचं कपाट

आमच्या गावच्या वाचनालयात दोन कपाटं होती, एक लोखंडी आणि एक लाकडी. लाकडी कपाटाला खालून वाळवी लागलेली. म्हणून त्यात कुमार गटाची पुस्तकं ठेवायची, असं जुन्या मंडळींनी ठरवलेलं. पोरांची पुस्तकं, खाल्ली वाळवीनं तरी काय जातंय, असा तो हिशोब. 'ड' वर्गातलं वाचनालय, देवळामागची एक खोली, आणि पुस्तकं देणारा-घेणारा मी एकटाच.

त्या कपाटात बोधकथा होत्या, संस्कारकथा होत्या, थोरांच्या लहानपणच्या गोष्टी होत्या. जवळजवळ सगळ्या गोष्टींच्या शेवटी ठळक अक्षरात तात्पर्य. आठवी-नववीतली पोरं लबाड. ती आधी तात्पर्य वाचायची आणि पुस्तक जागच्या जागी ठेवून द्यायची. एक पोरगी एकदा म्हणाली, "आण्णा, ह्यातली पोरं चुकली की लगीच रडत्यात आन् लगीच सुधारत्यात. आमच्या वर्गात असलं एक बी न्हाई." मी तिला काय सांगणार? मलाही तसलं पोरगं कधी भेटलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत झालं ते झालं. चौदा ते सतरा वर्षांच्या पोरापोरींना कथासंग्रह द्यायचा तर त्याच्यावर 'कुमारांसाठी' असा शिक्का आहे की नाही, हे बघत बसू नये. मी सरळ लोखंडी कपाटाची किल्ली काढली.

पहिलं दिलं 'माणदेशी माणसं'. व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक १९४९ सालचं. माडगूळकरांचा जन्म १९२७ चा, म्हणजे लिहिणारा तेव्हा विशी नुकती ओलांडलेला पोरगाच होता. ही व्यक्तिचित्रं आहेत, कथा नव्हेत, असं जाणकार म्हणतात. पोरांना त्याचं काही नाही. 'झेल्या' वाचून आलेला पोरगा हे चित्र की कथा असं विचारत नाही, तो म्हणतो, "आमच्या वस्तीवर हाय असला एक." लिहिणारा कुणाला सुधारायला जात नाही, कुणाची कीवही करत नाही. माणूस जसा दिसला तसा सांगतो आणि बाजूला होतो. या वयाला तेच मानवतं.

मिरासदारांचं तर विचारू नका. 'भुताचा जन्म' आणि 'माझ्या बापाची पेंड' या दोन्ही प्रती मी दाभणानं किती वेळा शिवल्या, त्याला गणती नाही. मिरासदार, शंकर पाटील आणि माडगूळकर हे तिघं एकत्र फिरून कथाकथनाचे कार्यक्रम करायचे. या गोष्टी मोठ्यानं वाचल्या की त्याचं कारण कळतं. त्या कानाला लागतात. ज्याला अक्षर जुळवताना घाम फुटतो, असलं पोरगंही त्या ऐकत बसतं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मागायला येतं.

पण एक गोष्ट मला खटकत आली. विनोदी ग्रामीण कथा एकामागून एक वाचत गेलं की गावचा माणूस म्हणजे इरसाल, बाता मारणारा, कामचुकार, असं एक सोंग डोळ्यांपुढं उभं राहतं. शहरातला वाचक ते खरं धरून चालतो, ते एक सोडा. आमची पोरंच स्वतःकडं तसं बघायला लागली तर? म्हणून मिरासदारांच्या पाठोपाठ मी शंकर पाटलांचा 'वळीव' द्यायचो. पाटील हसवतात म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण त्यांना पोटातलं दुखणंही तितकंच कळायचं.

भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' मी एकदा देवळाच्या कट्ट्यावर वाचली. बाप टोमॅटो घेऊन बाजारात जातो, भाव इतका पडतो की शेवटी तो स्वतःच्या पायानं माल तुडवतो, आणि पोरगं ते बघत असतं. पोरांसाठी म्हणून वाचायला घेतली, तर मागं चार बापय येऊन उभे राहिलेले. गोष्ट संपल्यावर कुणी काही बोलेना. एकजण तंबाखू थुंकून म्हणाला, "पोराला न्यायला नको हुतं बाजारात." बस्स, एवढंच. त्या वर्षी त्यानं स्वतः टोमॅटो लावला होता.

जी. ए. कुलकर्णींबद्दल मी गप्प बसतो. 'काजळमाया' मला पंधराव्या वर्षी झेपली नाही, पण एका पोरीनं ती सलग दोनदा नेली. झेपतं की नाही हे दुसऱ्यानं ठरवू नये, हे मला तिथंच कळायला पाहिजे होतं. कळलं नाही.

कारण लोखंडी कपाटातलं एक पुस्तक मी मागं सरकवून ठेवलं होतं. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३ सालचं. त्यातल्या नावाच्याच गोष्टीत एक तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, जात न सांगता खोली घेतो, आणि जात कळल्यावर मार खातो. अकरावीतला एक पोरगा ते पुस्तक मागायला आला. वरच्या आळीचा नव्हता तो. त्यानं नाव कुठंतरी ऐकलं होतं. मी म्हटलं, "अजून लहान हाईस. मोठा झालास की वाच." आणि त्याच्या हातात मिरासदार ठेवले. तो काही बोलला नाही. रजिस्टरात सही करून गेला.

वयाचं कारण मी पुढं केलं, खरं कारण वेगळं होतं. तो हे पुस्तक वाचून माझ्याकडं बघेल, तेव्हा मी कुठं बघू, हे मला कळत नव्हतं. त्याच्या घरच्यांना आमच्या घरी वेगळ्या कपात चहा दिलेला मी लहानपणी बघितला होता. कप माझी आजी धुवायची नाही, ते लोक स्वतः धुवून पालथा घालायचे. तो कप त्याच्या आज्याच्या हातात असायचा.

पोरगा पुढं पुण्याला शिकायला गेला. दिवाळीला आला तेव्हा वाचनालयात डोकावला. खोली मिळाली का, म्हणून मी सहज विचारलं.

"तिसऱ्या ठिकाणी मिळाली, आण्णा. पहिल्या दोघांनी आडनाव इचारलं." मग थोडा थांबून म्हणाला, "आता झालो का मोठा?"

मी उठलो, लोखंडी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, त्याच्यावरची धूळ धोतरानं पुसली. रजिस्टरात नोंद करताना माझ्या हातून तारीख चुकली, त्यानंच दाखवून दिली.

आठ दिवसांनी सुट्टी संपता संपता त्यानं पुस्तक आणून दिलं. त्याच्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मीही विचारलं नाही. एसटीत वाचायला मिरासदार आहेत का, म्हणाला. 'भुताचा जन्म' बाहेर गेलं होतं, मग 'माझ्या बापाची पेंड' घेऊन गेला.