बर्फाचा डोंगर निवडतांना

पर्वत जितका उंच तितका थोर, असें समजण्याची आपली पिढीजात संवय आहे. यात्रेच्या बाबतींत ती योग्यहि असेल. परंतु दहा-बारा वर्षांचीं मुलें बरोबर घेऊन बर्फावर स्कीइंग करण्यास निघालेल्या कुटुंबानें ती संवय घरीं ठेवून निघावें, असें आमचें अनुभवान्तीं मत झालें आहे.

आम्ही कांहीं वर्षांपासून नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडांत झुरिच येथें राहतों. तेथील शाळांस फेब्रुवारींत दोन आठवडे ‘खेळाची सुटी’ असते, व तींत अर्धें शहर डोंगराकडे धांव घेतें. आमची तेरा वर्षांची कन्या व दहा वर्षांचे चिरंजीव हीं दोघेंहि हा खेळ स्की-शाळेंत शिकलीं. आम्ही उभयतां त्यांच्या मागोमाग जेमतेम शिकलों. २०२५ सालच्या फेब्रुवारींत पुण्याहून ती. आई व ती. दादा आले. म्हणजे बर्फावर घसरणारीं चौघें व कांठावरून पाहणारीं दोघें, असा आमचा मेळा होता. या सहाजणांस मिळून एक डोंगर निवडावयाचा होता.

मुलांची तयारी ‘मध्यम’ प्रतीची होती. हा शब्द फार फसवा आहे. अगदीं नवशिक्या मुलाची काळजी सर्वच घेतात. त्यास अंगणासारख्या सौम्य उतारावर शिक्षकाच्या नजरेखालीं ठेवतात. पटाईत आपली काळजी आपण घेतो. मधल्या पायरीवरचें मूल मात्र दोन्ही बाजूंनीं निराधार असतें. सकाळीं यंत्रानें विंचरून सारख्या केलेल्या बर्फावर तें दोन्ही पट्ट्या समांतर ठेवून असें डौलानें वळतें कीं, आईबापांस धन्यता वाटावी. परंतु उतार जरा उभा झाला, अगर बर्फ घट्ट होऊन कांचेसारखें झालें, कीं तें पहिल्या धड्यावर येतें. पट्ट्यांचीं पुढचीं टोंकें जवळ व मागचीं लांब करून तें अडखळत उतरूं लागतें. जर्मन भाषेंत या रीतीला ‘नांगर’ असेंच नांव आहे. नांगर धरण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. पण अर्धा तास तो धरून मांड्या भरून आल्या, म्हणजे मुलाच्या मनांत जी भीति शिरते, ती पुढें पुष्कळ दिवस निघत नाहीं. डोंगर निवडतांना खरा प्रश्न पैशांचा किंवा देखाव्याचा नसून या भीतीचा आहे.

म्हणून माहितीपत्रकांतील रंग वाचण्याची रीत आधीं शिकावी. स्वित्झर्लंडांत निळी वाट सोपी, तांबडी मध्यम व काळी अवघड. थोडेसे तुकडे सोडले तर निळीचा उतार शेंकडा २५ पेक्षां व तांबडीचा शेंकडा ४० पेक्षां अधिक नसावा, असा दंडक आहे. फ्रान्समध्यें निळीच्याहि खालीं हिरवी वाट असते. अमेरिकेंत मात्र हिरवें वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम व काळा हिरा म्हणजे अवघड. तेव्हां न्यू जर्सींतील आमच्या मेहुण्यांनीं ‘आमचीं मुलें निळ्यावर सहज जातात’ असें कळविलें, तर त्यांचा निळा आमच्या तांबड्याच्या जवळचा समजावयाचा. याशिवाय पत्रकांत शेंकडों किलोमीटर वाटांचा डंका वाजविलेला असतो, त्यास भुलूं नये. नकाशा घेऊन प्रत्येक शिखरावर बोट ठेवावें व दोन प्रश्न विचारावे : येथून खालीं येण्यास निळी वाट आहे काय? नसल्यास गाडींत बसून परततां येतें काय?

आमच्या बंधूंनीं पुण्याहून लिहिलें, ‘बर्फासाठीं परदेश कशाला? सर्वजण गुलमर्गला भेटूं.’ सूचना अभिमानाची होती, व तिचा आम्हीं मनापासून विचार केला. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ सालीं सुरू झाला. तो अफरवट पर्वतावर सुमारें ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेतो. तेथील भुसभुशीत बर्फासाठीं देशोदेशींचे पटाईत येतात. परंतु तें बर्फ विंचरलेलें नसतें, आणि हिमप्रपाताचें भयहि तेथें खरें आहे. नवशिक्यांस पायथ्याचे सौम्य उतार उत्तम, पटाईतांस अफरवट उत्तम. मधल्या पायरीच्या मुलांस या दोहोंमधील जागा थोडी.

कन्येनें झेरमाटचा हट्ट धरला होता. मोटारींस बंदी असलेलें गांव, समोर माटरहॉर्न, आणि ३,८८३ मीटरपर्यंत नेणारे पाळणे असल्यामुळें बर्फाची खात्री. १८९८ सालीं सुरू झालेली गोर्नरग्राटची आगगाडी न घसरणारांसहि ३,०८९ मीटरवर नेऊन सोडते. परंतु दादांचें वय शहात्तर. इतक्या उंचीवर त्यांनीं दिवसचे दिवस बसून राहूं नये, असें डॉक्टरांनीं सांगितलें. मग म्यूरेनचा विचार झाला. आर्नल्ड लन यांनीं १९२२ सालीं आधुनिक स्लालमची पहिली शर्यत येथेंच भरविली, व १९३१ सालीं आल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धाहि येथेंच झाली. आम्हांस इतिहासाचा मोह पडला खरा. पण शिल्टहॉर्नच्या २,९७० मीटर उंच माथ्यावरून निघणारी वाट आरंभींच काळी, आणि सौम्य उतार मोजके. चिरंजीवांच्या चेहऱ्याकडे पाहून तो मोह आम्हीं आवरला.

अखेर वेंगेन ठरलें. हें गांव १,२७४ मीटरवर आहे. तेथें मोटार जात नाहीं. लाउटरब्रुनेनहून दांतेरी रुळावर चढणारी आगगाडीच नेते. तीच गाडी पुढें २,०६१ मीटरवरील क्लायने शायडेग स्टेशनास जाते. तेथें समोर आयगर, मोंख व युंगफ्राउ हीं शिखरें उभीं असतात, आणि आजीआजोबांस उन्हांत बसून नातवंडांची वाट पाहतां येते. तेथून व शेजारच्या मेनलिखेनवरून रुंद निळ्या व तांबड्या वाटा निघतात. धीट मुलीस पाहण्याजोगी लाउबरहॉर्नची शर्यतीची वाटहि तेथेंच आहे. १९३० पासून चालत आलेली ती शर्यत सुमारें साडेचार किलोमीटर लांबीची आहे. दोष म्हणाल, तर गांव फारसें उंच नाहीं. हिवाळे ऊबदार होत चालल्यामुळें गांवापर्यंत उतरणाऱ्या वाटांवर बर्फाचा भरंवसा धरतां येत नाहीं. परंतु बर्फ नसलें तरी गाडी आहे.

या गाडीचें मोल आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें. दुपारीं स्टेशनाजवळ सर्वजण जेवलों. तोंवर आभाळ भरून आलें होतें, व पांढऱ्या उजेडांत उताराचे खळगे दिसेनासे झाले होते. कन्या म्हणाली, “बाबा, आणखी एकदां तांबडीनें जाऊं या ना!” चिरंजीव कांहीं बोलले नाहींत, नुसते हातमोजे काढीत व घालीत बसले. तें आमच्या आधीं दादांनीं पाहिलें. ते म्हणाले, “अरे, आम्हां म्हाताऱ्यांना ही गाडी नवीन. तूं सोबत आलास तर बरें होईल.” चिरंजीव लगेच उठले, आजीची पिशवी खांद्यास अडकविली आणि दोघांस घेऊन गाडींत चढले. कोणीं कोणास खालीं नेलें, हें विचारण्याचें कारण उरलें नाहीं. पुढचे दोन दिवस ते निळ्या वाटांवरच रमले. त्यानंतरच्या सकाळीं मात्र बर्फ विंचरलेलें असतांना, कोणास न सांगतां बहिणीच्या पाठोपाठ तांबडीनें उतरून आले. आम्हीं कोणीं टाळ्या वाजविल्या नाहींत, हें बरेंच झालें.

आमच्या समजुतीप्रमाणें कुटुंबाचा डोंगर तोच, जेथें मुलास ‘आज पुरे’ म्हणण्याची मोकळीक असते, व तसें म्हणून मान खालीं न घालतां परततां येतें. धीट मुलासहि असाच डोंगर हितावह. कारण मागें राहिलेल्या भावंडाची ओढाताण त्याच्या आनंदावर पडत नाहीं. ज्यांस असा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं मध्यम मुलांस अवघड उतारावर न्यावयाचें तें सकाळींच न्यावें. दुपारीं बर्फहि थकतें व पायहि थकतात. मागून येणारानें पुढच्यास सांभाळून वाट काढावी, हा १९६७ सालापासून सर्व देशांनीं मानलेला स्कीइंगचा नियम मुलांकडून पाठ करून घ्यावा. तो घरांतील वडीलधाऱ्यांनीं पाळला, तर मुलांस निराळा शिकवावा लागत नाहीं.