उजेड आणि नेम

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळं स्क्रीनपुढं बसायला बंदी होती. आता डोळा चांगला आहे. आणि आजचा विषयही डोळ्यांचा आणि उजेडाचाच आहे, जरा वेगळ्या अर्थानं.

परवा रात्री पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. टेक्सासमध्ये असतो. आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्याच्याकडं सकाळ. नेहमीप्रमाणं गुडघे, पाऊस, सोयाबीनचा भाव झालं, आणि मग एकदम म्हणाला, "काका, एक सल्ला पाहिजे. तुम्ही पूर्वी जागलीला जायचात ना? बॅटरीतलं तुम्हाला कळतं."

मी म्हटलं, "बॅटरीतलं कळायला काय असतं? सेल घालायचे, बटण दाबायचं."

तर विषय निघाला तो असा. त्यांच्या गल्लीत मागच्या महिन्यात दोन घरं फुटली. म्हणून यानं पिस्तूल घेतलंय, नऊ मिलिमीटरचं. आपल्याकडं ते प्रतिबंधित बोअर. साध्या नागरिकाला परवाना मागायचा तर .32 चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, तेही पोलीस चौकशी, कलेक्टर कचेरीचे हेलपाटे वगैरे सगळं पार पडल्यावर. तिकडं दुकानातून आणता येतं. असो. प्रश्न पिस्तुलाचा नव्हता, ते आलेलं होतं. प्रश्न होता त्याच्या नळीखाली बसवायच्या लाईटचा. नुसता लाईट घ्यावा, की लाईट आणि लाल लेझर असा जोड घ्यावा, की हिरव्या लेझरचा घ्यावा? त्यानं तिन्हींचे फोटो पाठवले. आमच्या सौ. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "हे तर गाडीच्या इंडिकेटरसारखं दिसतंय." आणि आत निघून गेल्या.

मी मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. पण विद्यार्थी समजावून सांगत असेल तर मास्तरनं ऐकून घ्यावं, या न्यायानं मी तासभर ऐकलं. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो.

या लाईटांची ताकद ल्यूमेन आणि कँडेला अशा दोन आकड्यांत सांगतात. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. आपला जुना 60 वॅटचा बल्ब साधारण 800 ल्यूमेनचा. कँडेला म्हणजे मधल्या झोतात तो किती एकवटलेला आहे ते, म्हणजे किती लांब पोचेल याचा अंदाज. त्याच्या यादीत स्ट्रीमलाईट कंपनीचा एक छोटा लाईट होता, टीएलआर-7. 500 ल्यूमेनचा, वजन सत्तर ग्रॅमच्या आत. तसाच, पण खाली लाल लेझर असलेला, तो टीएलआर-8, आणि त्याचाच हिरव्या लेझरचा भाऊ. आणखी एक मोठा होता, 1000 ल्यूमेनचा. आमच्या तीन सेलच्या बॅटरीचा उजेड यांच्या पासंगालाही पुरला नसता!

पण घरात फार मोठा लाईट घेऊन उपयोग नाही, असं त्यालाच दुकानदारानं सांगितलेलं. पांढऱ्या भिंतीवरून झोत उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. शिवाय लाईट बसवला की पिस्तुलाचं जुनं म्यान चालत नाही, लाईटच्या मापाचं दुसरं घ्यावं लागतं.

लेझरचं असं. माणसाच्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात ठळक दिसतो, म्हणून दिवसाउजेडी हिरवा ठिपका लालपेक्षा चांगला उठतो. रात्री घरात लालही पुरतो. पण लेझर नळीच्या खाली असतो, आणि गोळी निघते वरून. म्हणजे या दोन रेषा बारीक स्क्रू पिळून एका ठराविक अंतरावर जुळवाव्या लागतात. त्याच्या अलीकडं-पलीकडं ठिपका आणि गोळी यांत थोडा फरक राहतोच. आणि लेझर डोळ्यात गेला तर काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 2023 च्या गणेश विसर्जन मिरवणुकांत पोरांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. ते मिरवणुकीतले लेझर फार मोठ्या ताकदीचे असतात, हे लहान. पण खेळणं तेही नव्हे.

सगळं ऐकून मी विचारलं, "रात्री खाली खुडबुड झाली तर तू काय करणार?"

"लाईट लावून बघणार, कोण आहे ते."

"म्हणजे जिकडं बघणार तिकडं पिस्तूल धरणार?"

तो थांबला. मग मी त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी सेहेचाळीस वर्षं कुणालाही सांगितली नव्हती, सौ.नाही नाही. आता त्याला सांगितलीच आहे, तर इथंही लिहितो. घरातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात. तुमच्यापाशीही ती कबूल केलेली बरी.

साल 1979. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायला अजून वीस वर्षं होती, आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. मला नोकरी लागून दोन वर्षं झालेली. दिवसा शाळा आणि रात्री पाळीनं जागल. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांचे कळप उतरायचे. एक रात्र डोळा लागला तर सकाळी निम्मा पट्टा आडवा. ओरडायचं, डबडं वाजवायचं, शेकोटी पेटती ठेवायची, आणि अगदीच अंगावर आलं तर बंदुकीचा बार काढायचा. वडिलांच्या नावावर ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. पीकसंरक्षणासाठी अशी बंदूक ठेवायची सोय 1959 च्या शस्त्र कायद्यातच आहे. पण परवाना वडिलांचा. माझ्या हातात ती असायलाच नको होती. त्या आठवड्यात वडील तापानं पडलेले, म्हणून मी घेऊन गेलो. चूक ती चूकच.

त्यात मी एक शहाणपणा केला होता. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात बंदूक जमत नाही, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बॅटरी नळीलाच करकचून बांधली होती. पुतण्या आज जे पैसे मोजून घेतोय ते मी फुकटात केलं होतं म्हणा ना! मला त्याचा अभिमानही वाटायचा.

अवसेच्या आसपासची रात्र. आखाड्यावर मी एकटा. शेकोटी विझत आलेली. अंधारात अर्धा तास बसलं की डोळा सरावतो, धांड्यांच्या रेघाही दिसायला लागतात. दहाच्या सुमारास ज्वारीत खसखस झाली. थांबली. परत झाली, या खेपेला जवळ. ताटं हलताना दिसली आणि त्यांच्यात काहीतरी काळं, वाकलेलं, पुढं सरकत होतं. मी घोडा ओढला. आवाज दिला नाही. डुक्कर बिचकून पळेल आणि तासाभरानं परत येईल, त्यापेक्षा एकदाच काय ते, असं मनात आलं. बंदूक खांद्याला लावली, बोट चापावर, आणि डाव्या हातानं बटण सरकवलं. लागलं नाही. सेल सैल झाले होते. दुसऱ्यांदा सरकवलं.

पुढं माझा भाऊ उभा होता. डोक्यावरून काळी घोंगडी, हातात भाकरीचं फडकं. पंधरा पावलांवर. हिंगोलीला कॉलेजात होता. शेवटच्या एस.टी.नं आलेला, आईनं भाकरी बांधून दिली, आणि बांधावरून वळसा नको म्हणून पोरगा पिकातून घुसला.

डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "दादा, मी हाय नं! किती डोळ्यावर मारतोस?"

आणि हसला.

त्याला बंदूक दिसलीच नव्हती. समोरून झोत आला की झोताच्या मागचं काही दिसत नाही. त्याला वाटलं, दादानं नुसती बॅटरी मारली. मी बॅटरी विझवली, घोडा हळूच उतरवला, बंदूक आखाड्यात टेकवली. हात इतके थरथरत होते की भाकरी मोडता येईना. तो म्हणाला, "थंडी वाजतेय का तुला?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ट्यूबच्या पट्ट्या कापून टाकल्या. पुन्हा ती बंदूक मी हातात धरली नाही. भावाला मात्र कधीच सांगितलं नाही. पुढं त्याचं लग्न झालं, हा पुतण्या झाला, आणि 2016 साली भाऊ गेलाही. सांगू सांगू म्हणता राहून गेलं असं मी म्हणत आलो. पण खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

गोष्ट संपल्यावर पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. फोन कट झाला की काय असं मला वाटलं. मग म्हणाला, "म्हणजे लाईट होता म्हणून बाबा वाचले."

मी म्हटलं, "होय. लाईट नसता तर मी अंधारातच बार काढला असता, हे मला पक्कं माहीत आहे. पण लाईट नळीला बांधला होता म्हणूनच बघण्यासाठी मला त्याच्या छातीवर बंदूक धरावी लागली. दोन्ही खरं आहे."

मला जे वाटलं ते मी त्याला सांगितलं. पिस्तुलावर लाईट लावायचा तर लाव, समोर कोण आहे हे कळल्याशिवाय चाप ओढायचा नाही, त्याला तो उपयोगी आहे. पण शोधायला हातातली वेगळी बॅटरी ठेव. जमिनीवर किंवा छताकडं झोत टाकला तरी खोली दिसते, कुणावर नळी रोखावी लागत नाही. लेझर मला नको वाटतो. तो गोळी कुठं लागेल ते सांगतो, समोर कोण आहे ते सांगत नाही. आणि ठिपका दिसला की माणसाला वाटतं, आपली तयारी झाली. घराबाहेर माणूस हलला की आपोआप लागणारे दिवे मिळतात, ते आधी बसव. जिन्यात रात्रभर एक लहान दिवा असू दे. आणि आवाज दे. मोठ्यानं, मराठीत. घरातलं माणूस असेल तर मराठीतच उत्तर येईल.

कारण त्याचा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. मित्रांकडून उशिरा येतो, अंधारात फ्रिज उघडतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या ऑस्कर पिस्टोरियसचं तुम्हाला आठवत असेल. 2013 साली त्यानं बाथरूमच्या बंद दारातून गोळ्या झाडल्या आणि आत त्याची मैत्रीण होती. चोर वाटला, असं त्यानं कोर्टात सांगितलं. कोर्टानं शेवटी तो खूनच ठरवला. दाराआडचं दाखवणारा लाईट कुठल्याच दुकानात मिळत नाही. आणि इतकं लांब कशाला, 2025 च्या सुरुवातीला आपल्या पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांच्या गोळीनं त्यांच्यातलाच माणूस गेला. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आमच्या गोरेगावात जागल अजून चालते. पोरांच्या कपाळाला चार्जिंगच्या बॅटऱ्या असतात, बांधाला झटका मशीन असतं. कपाळावरच्या बॅटरीचं मला बरं वाटतं, जिकडं डोळे तिकडं उजेड, हात मोकळे.

पुतण्यानं काय घेतलं ते मी विचारलेलं नाही. काल त्यानं एक फोटो पाठवला, गॅरेजवर बसवलेल्या दिव्याचा. खाली लिहिलं होतं, "मांजर आलं तरी लागतो, काका." आणि त्याच्याखाली थोड्या वेळानं आणखी एक ओळ, "बाबांचा तो घोंगडीतला फोटो आहे का तुमच्याकडं?"

आहे. ट्रंकेत आहे. उद्या शोधतो.